हातकागदाचा डबा आणि बावीस पाकिटं

मुलांना घरी हातकागद करता यावा म्हणून त्याचं सगळं सामान एका डब्यात घालून विकतात. तो डबा घ्यावा का, एवढंच ज्यांना हवं आहे त्यांना आधीच सांगते. जवळ सुतार नसेल तर घ्या, पण साच्यासाठी घ्या, आणि वाढदिवसाच्या निदान पंधरा दिवस आधी घ्या. डब्यावर ‘एका दुपारी रिटर्न गिफ्ट तयार’ असं ठळक छापलं आहे. कागद एका दुपारी होत नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

पुण्यात एका शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. मुलांच्या हाती कागद म्हणून काय येतं, याची मला आजही मनापासून काळजी असते. म्हणून हा डबा कुठे चांगला आहे आणि कुठे त्याने आमच्या मुलांना रडवलं, ते नीट सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही. असाच डबा, तीच चित्रं, वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन दिसतात. नावापेक्षा आत काय आहे ते बघून घेतलेलं बरं. मी ८४९ रुपये दिले.

डबा मागवला त्यामागे मागच्या वर्षीची एक गोष्ट आहे. नातीच्या आठव्या वाढदिवसाला सूनबाईने रविवार पेठेतून प्लास्टिकचे पाऊच आणले होते. आत पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आणि एक चकाकतं स्टिकर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नात दूध आणायला खाली उतरलो, तर जिन्याच्या कोपऱ्यात दोन पाऊच पडलेले, एकावर कोणाचा तरी पाय पडून शार्पनर फुटलेला. तिने तो उचलला आणि विचारलं, “आजी, त्यांना आवडलं नाही का गं?” मी तेव्हा काही बोलले नाही, पण मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी जे द्यायचं ते हिच्या हातचं असेल.

या जुलैत ती नऊ वर्षांची झाली. यायची होती बावीस मुलं. तिने आणि मी मिळून बेत केला तो असा: प्रत्येकाला हातकागदाचं एक पाकीट, पाकिटात राजगिऱ्याची वडी, आणि सोबत बी पेरलेल्या कागदाची छोटी चौकोनी चिठ्ठी. चिठ्ठी कुंडीत पुरली की तिच्यातून राजगिरा उगवेल. वडीतही राजगिरा आणि चिठ्ठीतही राजगिरा, ही कल्पना तिचीच. कामाला हात चार मुलांचे: नात, तिचा पाच वर्षांचा भाऊ आणि शेजारच्या दोघी बहिणी.

डब्यात निघालं ते असं: दोन चौकटी, त्यातल्या एकीला जाळी ठोकलेली (या दोन्ही मिळून साचा), एक स्पंज, फेल्टचे चार तुकडे, वाळवलेल्या पांढऱ्या लगद्याचं एक पाकीट, बियांच्या दोन पुड्या, पण बी कसलं ते कुठेच लिहिलेलं नाही, रंगाच्या तीन पुड्या, आणि माहितीपत्रक, तेही फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. महाराष्ट्रात एवढा माल खपतो, तर एक पान मराठीत छापायला काय हरकत आहे? आमचा धाकटा नुकतं अक्षर ओळखायला लागलाय. चित्राखालचं वाक्य त्याला स्वतः वाचता आलं असतं.

साच्याचं माप मात्र अगदी मनासारखं. आतून १५ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे छोट्या वहीच्या पानाएवढा ताव निघतो. मुलांच्या दोन हातांत मावतो आणि पाणी भरलं तरी जड होत नाही. तावाच्या तीन घड्या घातल्या की एक पाकीट होतं, आणि सात-सात सेंटिमीटरचे तुकडे कापले तर एका तावातून सहा चिठ्ठ्या. म्हणजे आम्हाला २२ ताव पाकिटांना आणि ४ ताव चिठ्ठ्यांना, एकूण २६ लागणार होते. वरची मोकळी चौकट घट्ट बसते, त्यामुळे तावाची कड सरळ येते. साच्याची कल्पना ज्याने केली त्याला कामाची जाण आहे, यात शंका नाही.

पण चौकट केली आहे एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची. पाण्यात बुडवायची वस्तू एमडीएफची कोण करतं? पहिल्या रविवारी पाचव्या तावाला कोपरे फुगले, सातव्याला एक सांधा उघडला आणि जाळी मधोमध झोळीसारखी लोंबली. जाळी लोंबली की लगदा मध्ये साचतो. ताव मध्ये जाड, कडेला फाटका. शेजारची धाकटी आपल्या हातून बिघडलं असं समजून रडायला लागली. तिला जवळ घेऊन बसले तेव्हा मला त्या डब्याचा खरोखर राग आला. लहान मुलाचा पहिला प्रयत्न वस्तूच्या खोटेपणामुळे फसू नये, निदान एवढी तरी काळजी विकणाऱ्याने घ्यावी. कंपनीला फोटो पाठवले. त्यांनी नऊ दिवसांनी नवी जाळी पाठवली, चौकट नाही.

तोवर आम्ही आमचा मार्ग काढला. कोपऱ्यावरच्या सुताराला डब्यातली चौकट दाखवली. त्याने त्याच मापाच्या दोन चौकटी सागाच्या उरलेल्या पट्ट्यांच्या करून दिल्या, दोन्हींचे मिळून २५० रुपये घेतले. हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावायची नायलॉनची जाळी आणली, ओली करून ताणली आणि पितळी खिळ्यांनी ठोकली. ओली करूनच ताणायची, नाहीतर पाण्यात गेल्यावर सैल पडते. त्या चौकटीवर आम्ही पुढचे सगळे ताव काढले आणि ती अजून जशीच्या तशी आहे. ज्यांच्याजवळ सुतार नाही त्यांनी निदान डब्यातल्या चौकटीला आधी वॉर्निशचे दोन हात द्यावेत आणि दोन दिवस वाळू द्यावं.

आता लगदा. यातच सगळी गंमत आहे आणि यातच डब्यावाल्यांनी हात आखडता घेतला आहे. पाकिटातल्या लगद्याचे दहा ताव होतील असं लिहिलंय, आमचे सात झाले. पण तो संपला ते बरंच झालं, कारण मग आम्ही घरातला कागद काढला.

नातीच्या गेल्या वर्षीच्या वह्या होत्या, धाकट्याची बाराखडीची वही होती, आणि माझ्या कपाटात दहा-बारा वर्षांच्या लग्नपत्रिका होत्या. पत्रिका मी कधीच टाकत नाही. आधी प्रत्येकीवरचा गणपती कात्रीने अलगद कापून वेगळा ठेवला, ते काम मुलांनी न सांगता मांडी घालून केलं. मग बाकीची पत्रिका फाडायला घेतली. कात्रीने कापायची नाही, फाडायची, अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे. फाडलं की तंतू लांब राहतात, कात्रीने ते मध्येच तुटतात. कागद म्हणजे दुसरं काय, झाडाचे नाहीतर कापसाचे तंतू पाण्यात सुटे होऊन पुन्हा एकमेकांत गुंतलेले. तंतू जेवढे लांब तेवढा ताव चिवट. म्हणून वर्तमानपत्राचा ताव करडा आणि ठिसूळ होतो, वहीचा त्याहून बरा, आणि सुती चिंध्यांच्या कागदाची सर कशालाच नाही.

तुकडे रात्रभर कोमट पाण्यात भिजवले. सकाळी जुन्या मिक्सरमध्ये एक मूठ तुकडे आणि भांडं पाऊण भरेल एवढं पाणी, अर्धा मिनिट, मध्ये एकदा थांबून. पाणी कमी घातलं तर मिक्सर तापतो, हे लक्षात ठेवा. नातीच्या वहीतली निळी शाई पाण्यात उतरली आणि लगदा फिकट आभाळासारखा झाला. ती भांड्यात डोकावून म्हणाली, “माझा ‘पावसाळा’ निबंध यात आहे ना?” पत्रिकांचा लगदा गुलाबीसर लाल झाला, आणि त्यातली सोनेरी छपाई काही विरघळली नाही. तिचे कण तसेच राहिले आणि वाळलेल्या तावात इकडेतिकडे चमकत राहिले. कुठल्याही रंगाच्या पुडीने एवढी शोभा आली नसती.

रंगाच्या पुड्यांबद्दल एवढंच सांगते की मी त्या वापरल्या नाहीत. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं आणि मुलांचे हात कोपरापर्यंत त्या पाण्यात असतात. आम्ही घरचे रंग करून पाहिले. हळदीचा ताव सुंदर पिवळा आला, पण खिडकीत चार दिवस ठेवला तर उडाला. सावलीत ठेवलेला टिकला. बिटाचा ओला असताना राणी रंगाचा होता, वाळल्यावर मातकट झाला. मुलींचा हिरमोड झाला. कांद्याच्या साली उकळून काढलेला तांबूस रंग सगळ्यांत पक्का निघाला. संक्रांतीला उरलेला पतंगाचा कागद असेल तर तो मूठभर लगद्यात घाला, रंग भरपूर सुटतो.

ताव उचलणं मुलांना सांगून येत नाही, हात धरून शिकवावं लागतं. मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात वाटीभर लगदा, हाताने ढवळायचं. साचा तिरका आत घालायचा, तळाशी आडवा करायचा आणि सरळ वर उचलायचा. उचलल्या उचलल्या, पाणी निथळत असताना, एकदा पुढे-मागे आणि एकदा डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवायचा, म्हणजे तंतू दोन्ही बाजूंनी गुंततात. पाणी सरलं की हात स्थिर. तेव्हा हलवलं तर ताव फाटतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे चौथ्या-पाचव्या खेपेला जमतं. डब्यावर ‘५ वर्षांपासून पुढे’ असं आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. पाच वर्षांच्या हाताला साचा समतल धरता येत नाही. पण त्या वयाला करण्यासारखं दुसरं काम आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोलाचं.

ते म्हणजे दाब. साचा कापडावर उलटा पाडून ताव सोडवला की त्यातलं पाणी काढावं लागतं. डब्यात त्यासाठी एक स्पंज आणि फेल्टचे चारच तुकडे. चार तुकड्यांवर चार ताव, मग पुढचा ताव ठेवायचा कशावर? हा डब्यातला दुसरा मोठा दोष. मी माझ्या सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचे तीस तुकडे केले. मऊ झालेलं सुती कापड तावाला चिकटत नाही आणि पाणी पितं. एक कापड, त्यावर ताव, वर कापड, पुन्हा ताव, अशी दहा तावांची चळत रचली. न्हाणीघरात एक पाट ठेवला, त्यावर चळत, त्यावर दुसरा पाट. आणि वर धाकट्याला बसवलं.

तो मांडी घालून बसला. पाटांच्या मधून पाणी आधी थेंबथेंब आणि मग धारेने वाहायला लागलं, मोरीच्या दिशेने एक निळसर ओहोळ निघाला. त्याला ते दिसलं आणि तो आणखी जोर लावून बसला, श्वास रोखून, गाल फुगवून. मग त्याच्या मागे शेजारची धाकटी बसली. दोघांनी मिळून अर्धा तास जागा सोडली नाही. आदल्या रविवारी रडलेली तीच मुलगी. चळत उघडली तेव्हा ताव कापडासारखे उचलता आले, एकही फाटला नाही. धाकट्याने त्या दिवशी बाबांना फोनवर सांगितलं, “मी कागद दाबला.”

बियांचं प्रकरण सावकाश सांगते, कारण इथे बऱ्याच जणांचं फसतं. डब्यातल्या पुडीतल्या काळ्या बिया आम्ही लगद्यात टाकल्या आणि दहा मिनिटांत घमेलंभर बुळबुळीत चिकट गोळे झाले. बहुधा सब्जा असावा. सब्जा पाण्यात फुगतो हे फालुदा खाणाऱ्या कोणालाही माहीत आहे, तो ओल्या लगद्यासाठी कसा निवडला? तुळस त्याच कुळातली, तिचं बीही तसंच बुळबुळतं, म्हणून तुळशीचा मोह टाळा. मग मेथी घातली. बाहेर तीन दिवस संततधार, ताव काही वाळेना, आणि तिसऱ्या दिवशी तावातूनच मेथीला मोड आले. मुलं आनंदाने नाचली, पण तो ताव कोणाला देता येणार? झेंडूचं बी काडीसारखं लांब, वाळल्यावर तावातून गळून पडतं.

राजगिरा सगळ्यांत उत्तम ठरला. वाण्याकडचा कच्चा राजगिरा, लाह्या नव्हेत. दाणा खसखशीएवढा बारीक, तावात बसून जातो. तो मिक्सरमध्ये किंवा घमेल्यात मिसळायचा नाही. ताव कापडावर पाडला की वर चिमूटभर भुरभुरायचा, त्यावर दुसरा अगदी पातळ ताव पाडायचा आणि मग पाटाखाली दाबायचा. दाणे दोन थरांच्या मध्ये राहतात. आणि बियांचा ताव एका रात्रीत वाळलाच पाहिजे. आम्ही ते चार ताव जेवणघरातल्या पंख्याखाली दोरीवर रात्रभर टांगले आणि पंखा सकाळपर्यंत बंद केला नाही. साध्या तावांना दोन कापडांमध्ये घालून मध्यम इस्त्री चालते, बियांच्या तावांना इस्त्री अजिबात नको, बी मरतं. खात्री करण्यासाठी नातीने एका चिठ्ठीचा तुकडा दह्याच्या रिकाम्या वाटीत मातीखाली ठेवला. चौथ्या दिवशी लालसर देठांचे केसासारखे कोंब वर आले. तिने मोजले, अकरा.

माहितीपत्रकात वाळवण्याचा वेळ ‘२ ते ३ तास’ दिला आहे. एप्रिलच्या उन्हात असेल. पुण्याच्या जुलैत साधा ताव आम्हाला दोन दिवस घेत होता. ज्यांचा वाढदिवस पावसाळ्यात येतो त्यांनी तर ताव मे महिन्यातच करून ठेवावेत.

मधल्या एका दुपारी मी चौघांना शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावरच्या हातकागद संस्थेत घेऊन गेले. पुण्यात राहून ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी जरूर जावं. १९४० साली गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून ती सुरू झाली, आणि सुती कापडाच्या चिंध्यांपासून तिथे कागद होतो, झाड तोडावं लागत नाही. मुलांनी तिथला मोठा साचा पाहिला, पाणी निथळताना पाहिलं, ताव कापडावर उलटताना पाहिला, आणि नात माझा हात दाबून म्हणाली, “आजी, आपण करतो तसंच.” तो दिवस मला या सगळ्या खटाटोपाहून मोठा वाटतो. तिथल्या विक्रीच्या दुकानातून मी पांढऱ्या जाड कागदाचे थोडे ताव घेतले. बोटांनी चाचपून पाहिलं की आमच्या वहीच्या कागदाचा आणि या चिंध्यांच्या कागदाचा फरक लगेच कळतो. हा ओढला तरी तुटत नाही, कापडासारखा वाकतो.

ज्यांना घरी लगदा करणं शक्य नाही, म्हणजे आईवडील दोघं नोकरीला आणि घरात आजी नाही, त्यांनी डबा घेऊच नये. अशा ठिकाणाहून तयार ताव आणावेत आणि कापणं, घडी, खळ, दोरा एवढं मुलांकडून करून घ्यावं. त्यातही मुलांचा हात लागतोच.

हातकागद ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे, हे मुलांना कळावं असं मला फार वाटत होतं. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तो कागद करणाऱ्या कागद्यांच्या वस्तीवरून. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो, तिथेही पिढ्यान्‌पिढ्या कागद होत आला. जुना कागद नुसता वाळवून वापरत नसत. त्याला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने नाहीतर शंखाने घोटत, म्हणून बोरूची शाई त्यावर पसरत नसे. हे मी सांगितलं ते कामी आलं, कारण नातीला तिच्या पाकिटांवर स्केचपेनने नावं लिहायची होती. पहिल्या पाकिटावर शाई डागासारखी पसरली होती, अक्षर ओळखू येईना. मग आम्ही तांदळाची पातळ पेज केली, गाळली, ब्रशने तावांना दोन्ही बाजूंनी लावली आणि वाळवली. माझ्याजवळ सारीपाटाच्या जुन्या कवड्या होत्या. ताव पाटावर ठेवून चौघंही कवडीने घोटत बसली. घोटलेली जागा उजेडात तिरकी धरली की चकाकायची, न घोटलेली मंद राहायची. मुलींनी त्याचा उपयोग करून न रंगवता फुलं काढली, म्हणजे फक्त घोटून. एका बाजूने बघितलं तर दिसतात, दुसऱ्या बाजूने नाही. मी ३१ वर्षांत मुलांना हे कधी शिकवलं नव्हतं, त्यांनी ते आपणहून शोधलं.

हा घोटण्याचा भाग डब्याच्या माहितीपत्रकात नाही. खळीचा उल्लेखही नाही. त्यामुळे ज्यांना कागदावर लिहायचं आहे त्यांची निराशा होते, आणि दोष मुलांच्या माथी जातो. एक कवडी आणि चार ओळी, एवढ्याने हा डबा दुप्पट चांगला झाला असता.

हिशेब सांगायचा तर डबा ८४९, चौकटी २५०, जाळी आणि खिळे ६०, राजगिरा ४०, वड्यांचं सामान वेगळं. एकूण ४१ ताव काढले, त्यातले ३३ चांगले निघाले. सूनबाईचं म्हणणं, एवढ्यात बावीस तयार पाऊच आले असते. खरं आहे. पण चौकटी पुढच्या कितीतरी वर्षांना पुरतील, आणि तीन आठवडे संध्याकाळी घरात टीव्ही लागला नाही. ज्यांना फक्त साचा हवा आहे त्यांनी सरळ सुतार गाठावा, डब्यातल्या बाकी कशावाचूनही अडत नाही. ज्यांच्या गावात ते जमत नसेल त्यांना डबा उपयोगी आहे. पाचपैकी मी तीन गुण देते, तिन्ही साच्याच्या मापाला आणि घट्ट बसणाऱ्या चौकटीला. दोन कापले ते एमडीएफसाठी आणि निनावी बियांसाठी.

वाढदिवसाच्या संध्याकाळी नात दारात टोपली घेऊन उभी राहिली आणि जाताना प्रत्येकाच्या हातात पाकीट ठेवत होती. ‘हे मी केलंय’ असं ती एकदाही म्हणाली नाही, पण प्रत्येक जण ते उघडताना ती त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. समोरच्या इमारतीतल्या एका मुलाने वडी तिथेच खाल्ली आणि पाकीट शर्टाच्या खिशात घडी न मोडता ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना तिने जिन्याच्या कोपऱ्यात वाकून पाहिलं. तिथे काही नव्हतं. आता ऑगस्ट चालू आहे. आमच्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांत राजगिरा वीतभर वाढलाय, आणि शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं की याची भाजी कधी खुडायची.

एक ताव मी कोणाला दिला नाही. धाकट्याच्या बाराखडीच्या वहीतला एक तुकडा मिक्सरमधून कसा कोण जाणे निसटला, आणि त्या तावाच्या मधोमध त्याच्या हातचा, पेन्सिलीने गिरवलेला अर्धा ‘ळ’ आहे. तो माझ्या देवघराजवळच्या भिंतीवर चिकटवला आहे. धाकटा येताजाता त्यावर बोट ठेवतो आणि उरलेला अर्धा ‘ळ’ हवेत पुरा करतो.